बंधाऱ्यातली काठी

मी बीव्हर. शेपटी उलथन्यासारखी चपटी, दात नारिंगी आणि स्वभाव कसा ते कळेलच. अल्बर्टा प्रांतातल्या या ओढ्यावर मी आणि माझ्या नवऱ्याने बंधारा घातला. फांद्या आमच्या, चिखल आमचा, अक्कलही आमचीच. परवानगी कुणाची घेतली नाही.

मागे तळं साचलं. बदकं आली, बेडूक आले, मूस हरणं गुडघाभर पाण्यात चरू लागली. आमच्या घराचं दार पाण्याखाली असतं. पाणी उतरलं की दार उघडं पडतं आणि कोल्हे पिल्लांपर्यंत पोचतात. बंधारा म्हणजे माझ्या पिल्लांचा जीव, हे आधीच सांगून ठेवते.

पण ओढ्याशेजारच्या शेतकऱ्याचं, मायरनचं, गवताचं रान माझ्या पाण्यात बुडालं. वसंतात त्याने ट्रॅक्टरला साखळी बांधून दोनदा बंधारा फोडला. त्याला वाटलं, आम्ही गाशा गुंडाळू. अहो, पाणी निसटल्याचा आवाज आम्हाला सोसतच नाही. दोन्ही वेळा उजाडायच्या आत भगदाड बुजवलं.

मग त्याने बुजगावणं उभं केलं. अंगात जुना कोट, हातात त्याची बर्फावरच्या हॉकीची काठी, गावाने करंडक जिंकला त्या वर्षीची. शेजारची रोझेली आजी बघायला आली. ती इथल्या मूळच्या क्री लोकांतली. तिच्या घरी आमचं मांस खातात, पण हाडं कुत्र्यांना न घालता पाण्यात परत सोडतात. खाणारी माणसंसुद्धा मान राखतात माझा.

"ही काठी बघून भलेभले बाजूला व्हायचे, आजी," मायरन म्हणाला.

"ते बर्फावर रे. हिने कुठे बघितलाय तुझा खेळ?"

सकाळी कोट चिखलात होता आणि काठी बंधाऱ्यात. लाकूड चांगलं होतं.

पुढे उन्हाळा कोरडा गेला. मायरनचं शेततळं तडकलं. त्याच्या गाई कुंपण मोडून माझ्या तळ्यावर आल्या. मी हाकललं नाही. तहानलेल्याशी माझं भांडण नाही.

एका दुपारी तो काठी न्यायला आला. जुन्या खेळाडूंचा मेळावा होता. आजी काठावर बेरी वेचत होती.

"काढ की, तुझीच आहे," ती म्हणाली. "गाईंना मग करंडकातून पाणी पाज."

त्याने दात-ओठ खाऊन काठी ओढली. हातभर बाहेर आली आणि पाणी सुटलं. घरात पिल्लं मला बिलगली. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण बाहेर आले, त्याच्यासमोर पोहत गेले आणि शेपटी अशी आपटली की त्याची टोपी भिजली.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग गाईंकडे. गाईंनी माना वर केल्या होत्या. त्याने काठी परत आत खुपसली, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी चिखल लिंपू लागला.

"मेळाव्यात काय सांगशील?" आजीने विचारलं.

"सांगेन, काठी कामाला लागलीय."

लिंपण अगदीच कच्चं होतं. दिवस कलल्यावर मी ते सगळं उपसून नीट केलं.

मला दया नको, आभारही नकोत. पुढच्या वसंतात गवत बुडेल तेव्हा, मायरन, तुला साखळी आठवेल. खुशाल ये. काठी कुठे आहे ते तुला ठाऊक आहे, आणि मी कुठे आहे तेही.