उन्हात तापवलेले सेल

छबूबाईनं पत्र्यावरून चारही सेल काढून पदरात घेतले, तेव्हा ते चांगले तापले होते. तिला बरं वाटलं. सेल मंदावले की उन्हात टाकायचे, म्हणजे त्यांच्यात पुन्हा थोडी धुगधुगी येते, हे शेवगावजवळच्या त्या वस्तीवर शेंबडं पोरही सांगेल. रेडिओचे सेल ती वर्षानुवर्षं असेच तापवत आली होती. हे तर पोरीच्या खेळाचे.

खेळ मस्कतचा. छबूबाईचा भाऊ पंकज तिकडं नोकरीला. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला, तेव्हा भाचीसाठी घेऊन आला. तळहातापेक्षा थोडा मोठा, वर काच, आणि काचेवर चित्र काढायला दोरीला बांधलेली प्लास्टिकची काडी. दीपाच्या काळजाला जन्मापासून भोक. सहावीत तिची शाळा सुटली, पळणं तर कधीच सुटलं होतं, आणि खाटेवर पडल्या पडल्या ही काडी हाती आली.

खेळात एक बुटका ढेरपोट्या माणूस होता. दीपानं त्याचं नाव ठेवलं भोपळेराव. वाऱ्यानं टोपी पळवली म्हणून हा गडी तिच्यामागं रानोमाळ हिंडायचा, आणि अडला की कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. मग आपण त्याला लागेल ती वस्तू काढून द्यायची. रेघ कुठं तुटली नाही तर ती वस्तू खरी व्हायची. तुटली की भोपळेराव तोंडावर आपटायचा आणि आपल्याकडंच बघून मुठी आवळायचा. उन्हासाठी दीपानं त्याच्या बोडक्या डोक्यावर पालथं घमेलं घातलं. नदीत होडी म्हणून काठवट सोडली. वाट अडवणाऱ्या कुत्र्याला भाकरी टाकली, तीही एका बाजूनं चावलेली.

"कुत्र्याच्या आदी ह्यानंच खाल्ली आसंल की!" म्हणाली आणि दम लागेपर्यंत हसली.

पुढं एक खोल घळ आली. तिथं काय काढावं, याचा विचार ती दोन दिवस करत होती. त्याच पावसाळ्यात ती गेली.

तिचा बाप रंभाजी साखर कारखान्यात बॉयलरवर होता. हंगामात आठवड्याच्या सुट्टीपुरता घरी यायचा. आला की हातपाय धुऊन खेळ चालू करायचा, पोरीची चित्रं एकेक करून बघायचा आणि घळीपाशी येऊन थांबायचा. काडीला त्यानं कधी हात लावला नाही. पोरीच्या जाण्यावर बायकोशी चकार शब्द बोलला नाही. जे काही बोलणं होतं ते त्या काचेशी. गेल्या खेपेला चित्रं फिकी दिसायला लागली तसा त्याचा चेहरा पार उतरला, आणि तो उतरलेला चेहरा आठवडाभर छबूबाईच्या डोळ्यांपुढून हलेना.

तिनं सेल बसवले. बटण दाबलं. चित्र कसं ठळक उमटलं! पण भोपळेराव आला तो बोडक्यानं.

तिला वाटलं, घमेलं मागनं येत असेल. थांबली. बंद करून पुन्हा चालू केलं. भोपळेराव उन्हात कमरेवर हात ठेवून उभाच. रेडिओचे सेल काढले म्हणून रेडिओचं काही बिघडत नाही. हा खेळ मात्र त्या सेलांच्या जिवावरच सगळं ध्यानात ठेवत होता, हे तिला आता कळलं. एकदा देवाघरी गेलेली लेक आपण आपल्या हातानं दुसऱ्यांदा घालवली, असं तिला वाटलं.

संध्याकाळच्या एस.टी.नं रंभाजी येणार होता. तिनं काडी हातात घेतली. तिच्या हाताला खुरपं ठाऊक, सुई ठाऊक. लेखणी कधी ठाऊक नव्हती. पहिलं घमेलं एका कडेला उघडंच राहिलं. भोपळेराव आपटला, उठला, मुठी आवळून तिच्याकडं बघू लागला.

"आवळ बाबा, माज्यावरच आवळ," ती म्हणाली आणि पुन्हा काढायला बसली.

उन्हं कलायच्या वेळेला घमेलं झालं, काठवट झाली, भाकरी झाली. भाकरीचा चावा ती विसरली नाही. भोपळेराव घळीपाशी पोचला तेव्हा तिनं खेळ फडक्यात गुंडाळून होता तिथं ठेवून दिला.

रंभाजी आला, हातपाय धुतले, खाटेवर बसला. छबूबाई त्याच्याकडं पाठ करून पीठ मळू लागली. मागून बटणांची टकटक येत होती. घमेल्यापाशी टकटक थांबली. काठवटीपाशी त्याहून जास्त वेळ थांबली.

"दीपीची आई."

"काय?"

"सेल काढले हुते का?"

तिचे हात पिठातच राहिले.

"उन्हात टाकले हुते. मला वाटलं, तुमाला नीट दिसंल. मला काय ठावं वो, आसं..."

रंभाजी ओरडला नाही. खाटेवर जरा सरकला.

"हात धू. हिकडं ये."

ती येऊन अंग चोरून बसली. त्यानं काडी तिच्या हातात दिली.

"एवढं केलंस, आता म्होरचं काढ. ह्या घळीवरचं."

"काय काढू?"

"दीपीनं काढलं आसतं ते."

छबूबाईनं काडी काचेवर टेकवली. पूल, शिडी, दोर, सगळं मनात येऊन गेलं. पण असलं सरळसोट दीपानं कधी काढलं असतं? आधीची चित्रं तिनं शेजारी बसून पाहिली होती. हे चित्र कुणीच पाहिलं नव्हतं. काडी तिथंच थांबून राहिली.

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली.

"मलाबी न्हाई," रंभाजी म्हणाला, आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा तो बायकोसमोर रडला.