एका मोटारसायकलचा फुसकारा

मी एक जुनी विलायती मोटारसायकल आहे. एकच सिलिंडर, काळी टाकी आणि पहिल्या किकला सुरू होण्याचा तोरा! मित्रांनो, माझे मालक गुरांचे डॉक्टर होते. माझा आवाज ऐकूनच लोक गोठ्याचे दार उघडत. ते गेले आणि मी चार वर्षे जिन्याखाली धूळ खात पडले.

मग त्यांच्या पत्नीने मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे आणले. "शनिवारपर्यंत सुरू झाली तर पुतणी चालवेल. नाहीतर हॉटेलवाले मागताहेत, शोभेला."

शोभेला म्हणजे इंजिन काढून!

मिस्त्रींनी कार्बोरेटर खोलला, सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा काढला, पेट्रोल सोडणाऱ्या जेटची बारीक भोके फुंकून मोकळी केली. प्लगला ठिणगीही झकास पडत होती. तरी किक मारली की मी दोनदा धडधडे, खोके आणि गप्प होई. मिस्त्री कार्बोरेटरचे नट आणखी आवळत. कुठल्याशा फटीतून हवा आत शिरत होती. मी जीव तोडून फुसकारत होते, पण त्यांना ऐकूच येत नव्हते.

शनिवारी त्यांची सून डबा घेऊन आली. मी धडधडताच ती थबकली. "मामंजी, काहीतरी फुसफुसतंय."

"छे, नेहमीचाच आवाज."

तिने त्यांचा हात धरून कार्बोरेटर जिथे इंजिनाला जोडतात तिथे ठेवला आणि स्वतः किक मारली. बोटाला हवेची ओढ लागली. मिस्त्रींचा चेहरा उतरला. नट फार आवळल्याने कार्बोरेटरचे तोंडच वाकले होते.

"माझ्याच हातानं झालं. वर्षभर कमी ऐकू येतंय गं. सांगितलं तर गिऱ्हाईक फिरकेल का?"

ती कानाशी वाकली. "हात तुमचे, कान माझे. चला."

त्यांनी काचेवर पॉलिशपेपर ठेवून ते तोंड घासून सपाट केले. तिने सांध्यात बसवायला कागदाचे नवे गॅस्केट कापले. दुपारी मालकीणबाई आल्या त्या हॉटेलवाल्याला घेऊनच. पहिली किक फुकट. दुसरीही. मला घाम फुटायचाच बाकी होता.

"फुसफुस थांबलीय मामंजी, मारा!"

तिसऱ्या किकला मी सुरू झाले, आणि सुरूच राहिले. बाईंनी डोळे पुसत काहीतरी विचारले. मिस्त्रींनी कानामागे हात धरला. मग म्हणाले, "जरा मोठ्यानं बोला बाई. मला कमी ऐकू येतं."

मित्रांनो, आता पुतणी मला रोज फिरवते. तुमच्याकडचे जुने काही अडले तर लाथा मारत सुटू नका. जवळ बसा, कान द्या. आणि ऐकू येत नसेल, तर ज्याला येते त्याला विचारायला लाजू नका.