क्यांटीनचं खरकटं

पहिला फटका बसला तेव्हा अलकनंदाच्या हातात भाताचं पातेलं होतं, दुसऱ्याला ते खाली पडलं. तिसरा तिनं कोपरावर घेतला. उमाकांतच्या हातात म्हशीचा कासरा होता, दुहेरी केलेला, आणि माणूस कुत्र्यालाही मारताना जरा बघून मारतो तेवढंही तो बघत नव्हता. कारण म्हणाल तर चांदरी म्हैस उलटली होती. तिसऱ्यांदा भरवून आणली आणि तिसऱ्यांदा माजावर आली. आता म्हैस उलटली त्याला बायकोनं काय करावं? पण वड्याचं तेल वांग्यावर काढायची त्या घराची रीतच पडली होती.

"घरातच वांझुटी पाय रवून बसलीया. गोठ्यात दुसरं काय पिकनार?" सासू उंबऱ्यातून म्हणाली. म्हणजे मारणाऱ्याला आणखी चेव.

कत्तिरी चालू होती. चेन्नईकडं मे महिन्यातल्या त्या जाळत्या दिवसांना कत्तिरी म्हणतात. सकाळचे सात वाजलेले, तरी पत्र्याचं छप्पर तडतडायला लागलं होतं. खारट, वाळूमिश्रित जमीन. तिच्यात ताडाची झाडं तेवढी तग धरतात, हिरव्या गवताचं नाव नको. गोठ्याच्या मागं सिरुसेरीच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उन्हात चमकत होत्या आणि म्हशी दाव्याला ओढ देत बिथरल्या होत्या. बाई ओरडत नव्हती, म्हशीच ओरडत होत्या.

उमाकांत सांगलीकडचा, खानापूर तालुक्यातला. तिकडचे निम्मे गडी सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्यांवर मुलूखभर पांगलेले. सोळाव्या वर्षी हाही चुलतभावाच्या, संताजीच्या गलाईच्या दुकानात आला आणि नऊ वर्षं ॲसिडच्या धुरात, शिशाच्या वाफेत, मांडीला भट्टीची धग घेत बसला. छाती खोकून खोकून खिळखिळी झाली तेव्हा त्यानं भट्टी सोडली आणि इथं रेड्डियार जमीनदारांच्या पडीक रानात दहा म्हशी बांधल्या. वैरण मिळेना. मग एका कंपनीच्या क्यांटीनवाल्यानं सांगितलं, उरलंसुरलं घेऊन जात जा, आमचीही घाण जाईल. तेव्हापासून रोज टेम्पोतून चार ड्रम यायला लागले. भात, परोठे, तळलेले बटाटे, गुलाबजाम, पाकातली केळी, सगळा एकच काला. म्हशी तुटून पडायच्या.

आणि ड्रमाच्या वर ठेवून न शिवलेले ट्रे यायचे, ते घरात जायचे. गरम सांबार, ग्रेव्ह्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेल्या. अलकनंदा त्या तशाच उकळत्या पाण्यात सोडून तापवायची. फुकट ते पौष्टिक, असं सासू म्हणायची. चूल पेटली ती पाण्यापुरती. बाजरीचं पीठ डब्यात किडे होऊन टाकलं गेलं. वर थंड पेयाच्या तारीख उलटलेल्या बाटल्या यायच्या, त्या पाण्यासारख्या पोटात जायच्या.

तीन वर्षांत तिघंही फुगली. उमाकांतला पट्टा पुरेना, सासूला साखर झाली. पण गड्याचं पोट सुटलं की त्याला खात्यापित्या घरचा म्हणायचं आणि बाईचं अंग सुटलं की आळशी म्हणायचं, असा न्याय. अलकनंदा दहा म्हशींचं शेण काढायची, दोन वेळा धारा काढायची, तरी ती आळशी. हनुवटीवर चार केस उगवले ते ती चिमट्यानं उपटायची, मान काळी पडली ती पदरानं झाकायची. पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी तीन.

माघात ती आलीच नाही. पुढच्या महिन्यातही नाही. सासूचा गावाकडं नावलौकिक असा की नुसता हात लावून म्हैस गाभण आहे की भाकड ते सांगायची. तिनं सुनेच्या पोटावर हात फिरवला आणि चौथा महिना सांगून मोकळी झाली. दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाली, मी काय आज म्हशी बघतीया? सौकारपेठेतली सगळी गलाईवाल्यांची घरं बोलावली, हिरवी साडी नेसवली, झोपाळ्यावर बसवून ओटी भरली. अलकनंदालाही खरंच वाटलं. आठ वर्षांनी वाटलं होतं, का नाही वाटणार? पोटात काही हललं असंही तिला एकदा वाटलं होतं, आणि ते आठवलं की तिला अजून रडू येतं.

ओटीच्या आठव्या दिवशी तिला अंगावरून जायला लागलं ते नऊ दिवस थांबेना. चार साड्या टाकून द्याव्या लागल्या. बाई मरती की काय याची कुणाला काळजी नव्हती. शंभर माणसांत नाक कापलं त्याची होती. पोटाचं सोंग करून आम्हाला फसवलं, असं सासूनं जाहीर केलं. फसली होती सासू स्वतःच्याच हातानं, पण म्हातारीचा हात कसा चुकेल? त्या दिवसापासून कासरा खुंटीवरून रोज खाली यायला लागला.

चांदरीसाठी मात्र ती उलटली त्याच दिवशी डॉक्टर आला. बायकोसाठी आठ वर्षांत नाही आला, म्हशीसाठी दुपारच्या आत आला. शेषगिरी त्यांचं नाव. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले, गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले, पांढरी बंडी घातलेले. त्यांची मराठी पोथीतल्यासारखी, मधूनच तमिळ. अलकनंदाच्या सुजलेल्या कोपराकडं त्यांनी एकदा बघितलं आणि हातमोजा चढवला.

खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी बराच वेळ तपासलं. मग विचारलं, "हिला तुम्ही खायास काय घालितां?"

उमाकांतनं मोठ्या फुशारकीनं ड्रम दाखवले. शेषगिरींनी काठीनं आतला काला ढवळला तसा परोठ्यांच्या मधून पिशव्यांच्या चिंध्या वर आल्या. त्यांनी काठी टाकून दिली. म्हणाले, आतून चरबी धरली आहे, बीजकोशाला गाठी आहेत, अंगातला रस वाट चुकला आहे. गूळ, मैदा, तेल खाऊन नुसती बांधून ठेवलेली जनावरं गाभण कशी राहतील? हे आजच बंद करा. सुका पेंढा घाला, रोज मैलभर चालवा. म्हैस वाईट नाही, तुमची गव्हाण वाईट आहे.

अलकनंदा बादली घेऊन उभी होती. डॉक्टर म्हशीचं एकेक लक्षण सांगत होते आणि ती मनातल्या मनात आपल्या अंगाशी ताडून बघत होती. नेमानं येत नाही, होय. अंगावर चरबी, पण ताकद नाही, होय. तिच्यानं राहवलं नाही.

"डाक्टर, आन् ह्येच मानसानं खाल्लं तर?"

उमाकांतच्या हातात दुधाच्या किटलीचं झाकण होतं. तेच त्यानं तिच्या तोंडावर हाणलं. पुढचा दात अर्धा तुटून शेणात पडला आणि हनुवटीवरून रक्त खाली आलं. परक्या माणसादेखत असलं विचारतेस, लाज नाही, असं काहीतरी तो बडबडत होता. शेषगिरी म्हातारे, पण त्यांनी मधे येऊन त्याचं मनगट धरलं.

"म्हशीला हात लावूं देत नाही मी असल्या माणसाला," ते म्हणाले. मग तिच्याकडं वळले. "मी गुरांचा वैद्य, बाई. पण कूस ती कूस. सरकारी दवाखान्यात बायांची डॉक्टरीण अहे, तिजकडे जा. आणि एकटी जाऊं नको, ह्यालाही ने. ह्याचीही तपासणी लागत्ये."

उमाकांतला त्यातलं म्हशीपुरतं ऐकू आलं. संध्याकाळच्या आत भाताच्या पेंढ्याचा ट्रॅक्टर दारात उभा केला. दुसऱ्या दिवसापासून चांदरीला तळ्याच्या कडेनं फिरवायला लागला, तिच्या पाठीवर पाणी मारायला लागला. म्हशींचं क्यांटीन बंद झालं. माणसांचे ट्रे मात्र येतच राहिले, कारण ते फुकट होते.

अलकनंदानं ते शिवायचं सोडलं. धारा झाल्यावर ती बाजरी आणून दळायची, भाकरी थापायची, ताक-कांद्याशी खायची आणि चांदरीच्या मागं आपणही मैलभर चालून यायची. सासूनं त्यालाही थेर म्हटलं. भाकरीच्या पायी दोनदा मार बसला. एकदा तर तापलेला तवाच तिच्या पायावर ढकलला गेला. कुणी ढकलला ते सांगायला नको.

जूनच्या एका रविवारी संताजी आला. वडीलधारा, दुकानाचा मालक, त्याच्या शब्दाबाहेर कुणी नाही. चहा होईपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलला. मग कळलं की उमाकांतसाठी गावाकडची विशीतली मुलगी बघून झाली आहे, आणि अलकनंदाची ट्रंक सासूनं सकाळीच बांधून ठेवली आहे. दुपारच्या गाडीनं तिला भावाच्या दारात सोडायचं. भाऊ तिला आत घेणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोसायचं ओझं कोण घेतं? म्हणजे घरातून निघालेली बाई कुठंच पोचणार नव्हती.

"मी जानार न्हाई," ती म्हणाली. "आदी दवाखाना. दोघांचाबी. त्यात माजी खोट निगाली तर माज्या पायानं जाती."

संताजी हसला. उमाकांतनं खुंटीकडं हात केला, पण कासरा नव्हता. तो तिच्या हातात होता. मग त्यानं ट्रंक उचलून तिच्या अंगावर फेकली. पत्र्याचा कोपरा तिच्या बरगडीत बसला, ती वाकली, आणि वाकल्या वाकल्याच डोकं पुढं करून त्याच्या पोटावर गेली. आठ वर्षांत पहिल्यांदा. तो मागं शेणकुटांवर आदळला, उठायला लागला, तोवर ती त्याच्या छातीवर बसली होती.

आणि बसली म्हणजे बसली. नव्वद किलोची बाई, जिला जाडी म्हणून, म्हैस म्हणून रोज हिणवलं, ती सगळीच्या सगळी बसली. त्यानं तिच्या दंडाला चावा घेतला, तिनं त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. संताजीनं मागून केस धरून ओढले, केसांचा झुबका त्याच्या हातात आला, बाई जागची हलली नाही. सासूनं चुलीचं लाकूड आणून तिच्या पाठीत घातलं, एकदा, दोनदा, लाकूड मोडलं. उमाकांतचा चेहरा काळानिळा पडायला लागला, मुळातच धुरानं खाल्लेली छाती.

"हाना," ती म्हणाली. "जितकं हानशीला तितकी जड व्हईन. हे वजन माज्या बापानं न्हाई दिलं. तुमच्याच घरात चढलंय. आता तुमीच झेला."

सासू लाकूड टाकून रडायला लागली, माजं लेकरू मरतंय म्हणून.

"तुजं लेकरू मरनार न्हाई, आत्ती. त्यानं दवाखान्याला येतो म्हनावं, मी उटती."

तो म्हणाला. एकदा पुरं पडलं नाही, म्हणून तीनदा म्हणाला. संताजी साक्षीला होताच. चहा तसाच टाकून तो निघून गेला, ट्रंक तिथंच राहिली.

डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती, पण तिनं नीट ऐकलं. अलकनंदाला बाजारापुरती तमिळ येत होती, तीच कामी आली. तपासण्या झाल्या, पुन्हा बोलावणं झालं, मग कागद आले. तिच्या बीजकोशात गाठी होत्या, चांदरीला होत्या तशाच. वजन, खाणं, प्लॅस्टिकमधलं गरम अन्न, अंगचाच कल. नक्की कशानं ते सांगता येत नाही, डॉक्टरीण म्हणाली, बहुतेक सगळ्यांनी मिळून. पण गोळ्यांनी आणि चालण्यानं पाळी रुळावर येईल, आणि महिनाभरात पाच किलो उतरलं आहे हे चांगलं लक्षण आहे. मग तिनं उमाकांतला विचारलं, तुम्ही काय काम करत होता? भट्टीचं ऐकल्यावर पुन्हा विचारलं, किती वर्षं? त्याचा कागद तिच्यापेक्षा वाईट होता. शिसं, धूर, धग आणि वर हे पोट. बीज फार थोडं आहे, वाढेल की नाही सांगता येत नाही, असं ती शांतपणे म्हणाली.

बाहेर कडुनिंबाखाली तो खूप वेळ बसला. मग म्हणाला, आयेला सांगू नगंस. अलकनंदानं त्याच्याकडं बघितलं. तिला त्याची दया आली नाही, असं नाही. आली, आणि त्या दयेचाच तिला राग आला.

"तुमीच सांगायचं," ती म्हणाली. "मी न्हाई सांगनार, पर झाकूनबी ठेवनार न्हाई."

घरी सासू ताट घेऊनच बसली होती. क्यांटीनचा पुलाव, बाजूला दोन गुलाबजाम. तिनं विचारलं, कुनात खोट निगाली? उमाकांत मान खाली घालून बोलला.

"माज्यात, आये. तिच्यातबी हाय, पर तिची बरी व्हनार. माजी न्हाई सांगता येत."

म्हातारीनं ताट बाजूला सारलं. घटकाभर वाटलं, आता ही काहीतरी माणसासारखं बोलेल. मग तिनं शेजारची रिकामी पितळी थाळी उचलली आणि अलकनंदाच्या कपाळावर फेकली.

"रोज कोन वाडत व्हतं त्याला? तूच ना? तूच घातलंस त्याच्या पोटात."

कपाळ फुटलं, रक्त भुवईवरून डोळ्यात गेलं. आणि उमाकांत पुढं झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात बायकोच्या बाजूनं उठला होता, पण उठला होता आईवर, तसाच, मूठ वळून. अलकनंदानं तो हात वरच्या वर धरला. त्यानं जोर लावला, तिनंही लावला.

"न्हाई," ती म्हणाली. "म्हातारीवरबी न्हाई. ह्यो हात आता कुनावरच उटायचा न्हाई."

हात हळूहळू खाली आला. सासू भिंतीकडं तोंड करून रडत बसली, आणि कशासाठी ते तिला कुणी विचारलं नाही. अलकनंदानं पुलावाचं ताट उचलून उकिरड्यावर रिकामं केलं, कपाळावर हळद दाबली, टोपलीतल्या दोन भाकरी त्या दोघांपुढं ठेवल्या आणि बादली घेऊन धारेला गेली.