माळावरची हाक

विचारलं तेवढंच सांगायचं, वर फोडणी द्यायची नाही, असं वकीलबाईंनी थोरलीला शंभरदा बजावलं होतं. थोरलीने मानही डोलावली होती. पण जिने जन्मभर एका प्रश्नाला चार उत्तरं दिली, ती बाई कोर्टाच्या कठड्यात उभी राहिल्यावर तोंड आवरणार होती थोडीच!

भांडण माळाचं होतं. वरची वस्ती डोंगरावर, खालची नदीकाठी आणि दोघींच्या मधे माळ. दोन्ही वस्त्या मूळच्याच, सरकार आणि कोर्टकचेऱ्या यातलं काहीच नव्हतं तेव्हापासूनच्या. माळावरचा मध, कंदमुळं, लाकूडफाटा दोघांचाही. खालच्यांना मात्र माळ आणखी एका कारणाने हवा होता. नदीकाठी खड्डा खणायला घेतला की हातभर खाली पाणी लागतं, तिथे मेलेलं माणूस ठेवायचं कसं? म्हणून खालचे आपली माणसं माळावर पुरत आलेले. थोरलीचा नवरा तिथेच होता, आणि त्याच्या शेजारची जागा तिने स्वतःसाठी धरून ठेवली होती.

मग सरकारने रिवाजाचा हक्क म्हणून अख्खा माळ एकट्या वरच्यांच्या नावावर करून टाकला, आणि वरच्यांनी तो खडी काढणाऱ्या कंपनीला दिला. खालच्यांनी कोर्ट गाठलं. म्हणजे पोटावर पाय देणार कंपनी, आणि समोर भांडायला उभे आपलेच लोक. थोरलीचे तर अगदी सख्खे, कारण तिचं माहेर वरच्या वस्तीतलं. तिची धाकटी बहीण त्याच वस्तीत दिलेली. ती समोरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि सकाळपासून एकदाही थोरलीकडे बघत नव्हती.

वरच्यांचे वकील वयस्कर होते आणि इतकं लाघवी बोलायचे, की थोरलीने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं.

“आजी, माळावर जायचं असलं की तुम्ही सरळ आत शिरायचात का हो?” त्यांनी विचारलं.

“सरळ कशाला शिरू? आधी हाक द्यायची.”

“कुणाला?”

“वरच्यांना. कडेला उभं राहायचं आणि ‘येऊ का’ म्हणून ओरडायचं. वरून ‘या’ आलं की मग पाय टाकायचा.”

“आणि नाही आलं तर?”

“तर थांबायचं. कुणी फासे लावलेले असतात, कुणी बाई झऱ्यावर अंघोळीला बसलेली असते. न विचारता घुसायला आम्ही काय चोर आहोत?”

हे तिने मान ताठ करून सांगितलं. रीत होती ती, लाज वाटावी असं त्यात काय होतं? पण गोडबोल्या “बस, एवढंच” म्हणून खाली बसले आणि वकीलबाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवून दिलं. जो परवानगी मागतो तो मालक कसला, एवढंच गोडबोल्यांना वदवून घ्यायचं होतं, आणि थोरलीने ते ताटात वाढून दिलं होतं.

वकीलबाई उठल्या. “आजी, वरचे लोक माळावर यायचे तेव्हा ते हाक द्यायचे का?”

“देणार नाहीत तर काय! सगळेच द्यायचे. ही माझी धाकटी तर रोज द्यायची, आणि खालून ‘या’ मी म्हणायचे. ही काय समोर बसलीय, विचारा की तिला.”

वकीलबाईंच्या जिवात जीव आला. दोघं एकमेकांना विचारत असतील तर माळ दोघांचा, सरळ गोष्ट होती. त्यांनी धाकटीला साक्षीला बोलवायची परवानगी मागितली आणि ती मिळाली.

थोरली बाकावर निवांत बसली होती. धाकटीला लहानपणापासून खोटं बोलणं जमलं नव्हतं. लपवून मध खाल्ला तरी आईने विचारायच्या आधी ही रडायला लागायची.

“नाही,” कठड्यातून धाकटी म्हणाली. “आम्ही हाक देत नाही. आपल्याच घरात शिरताना कुणी विचारतं का?”

हे वाक्य कुणीतरी घोटून घेतलेलं होतं, थोरलीला ऐकताक्षणी कळलं. तिला पुन्हा उभं करण्यात आलं आणि आता खुद्द न्यायाधीशांनी विचारलं, “तुमची बहीण खोटं बोलते आहे का?”

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. नाही म्हणावं तर नवऱ्याच्या हाडांवरून यंत्र फिरणार होतं.

“हो,” ती म्हणाली. “पाठची बहीण आहे माझी, कडेवर घेऊन वाढवलीय तिला, आणि ती खोटं बोलतेय.”

धाकटीने मान वर केली नाही. वरच्यांच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली ती शिपायाने दटावल्यावरच थांबली.

पुढच्या तारखेला निकाल लागला. वरचे हाक देतात की नाही याबद्दल बहिणी-बहिणींचे जबाब एकमेकींच्या विरुद्ध, त्यामुळे तेवढे दोन्ही बाजूला ठेवले, असं न्यायाधीश म्हणाले. उरलं काय, तर खालचे परवानगी मागून माळावर जातात, ही त्यांच्याच साक्षीदाराने दिलेली कबुली. दावा फेटाळला. थोरलीला तिच्या लोकांपैकी कुणी चकार शब्द बोललं नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

डोंगराकडे जाणारी बस एकच. जिंकलेले आणि हरलेले तिच्यातच कोंबले गेले. धाकटीच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती, म्हणून थोरली दांड्याला धरून उभी राहिली. पण चढ लागला तसे गुडघे बोलायला लागले.

“बस ना ताई,” धाकटी सरकून म्हणाली.

थोरली बसली आणि तिने विचारलं, “का गं असं केलंस?”

“माझा मुलगा खाणीच्या गाडीवर लागलाय. मी हो म्हटलं असतं तर वस्तीने आम्हाला दारात उभं केलं नसतं.”

“मग माझ्याकडे आली असतीस.”

“खाली? पाण्यात?” धाकटीने डोळे पुसले. “आणि ताई, भाऊजींसाठी पण केलं. पंचांच्या पाया पडले मी. यंत्र लावायच्या आधी त्यांना नीट उचलतील आणि वर, आमच्या माणसांत जागा देतील. तसं कबूल करून घेतलंय.”

थोरलीने मोठा श्वास सोडला. कोर्टात सगळं गेलं होतं, त्यातलं एवढं तरी वाचलं होतं.

“आणि मला?” तिने विचारलं.



“दोघांचंही कबूल केलं होतं त्यांनी,” धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली. “पण तू मला सगळ्यांसमोर खोटी म्हणालीस. मग ते म्हणाले, आता एकाचंच.”

“मी खरं तेच बोलले.”

“माहीत आहे मला,” धाकटी म्हणाली आणि तिने थोरलीचा हात हातात घेतला. थोरलीने तो राहू दिला, कारण सोडवून घेण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.