नऊ तासांचं वाक्य

व्हिव्हियनला निवडणुकीतले उमेदवार रिचर्डसाहेब यांची भाषणं लिहायचं काम मिळालं, तेव्हा वसईच्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून ती बातमी तिच्या मम्मीनेच पोचवली होती. काम तसं सोपं. रिचर्डसाहेबांना लांबलचक मुद्दे पेलत नसत, म्हणून हॉस्पिटलात ताटकळावं लागण्यावर तिने त्यांना एकच वाक्य दिलं: "इमर्जन्सीत नऊ तास!" तेच पाच वेळा म्हणायचं आणि दर वेळी जरा थांबायचं. आकडा तिने आपल्या मनानेच ठोकून दिला होता. दोन-तीन तासांना कोण टाळ्या वाजवणार? तिसऱ्या सभेपासून तर लोकच ओरडू लागले. कॅनडातल्या लंडनच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतून मम्मीही हात उंचावून "नाइन अवर्स!" म्हणाली. व्हिव्हियनला कोण अभिमान वाटला!

शनिवारी दुपारी ग्रोसरी घेऊन ती मम्मीकडे गेली. मम्मी सोफ्यावर घामाने निथळत, छाती दाबून बसलेली.

"कधीपासून होतंय हे?"

"सकाळी सातपासून. ॲसिडिटी असेल, इनो घेतलंय."

दोन वाजले होते. व्हिव्हियनने फोन काढला. "मग ॲम्ब्युलन्ससाठी नाइन-वन-वनला कॉल का नाही केलास?"

"नऊ तास तिथे खुर्चीत बसण्यापेक्षा आपला सोफा बरा."

"अगं, ते मी लिहिलंय! खोटं आहे, साफ खोटं!" फोन लावता लावता ती ओरडली.

मम्मीने तिची कीव केल्यासारखं पाहिलं. "अख्खा हॉल खोटं बोलत होता काय? आणि मी स्वतः बसलेय ना, गेल्या विंटरला. नऊ तास."

गेल्या विंटरला मम्मीचं मनगट मुरगळलं होतं. व्हिव्हियनच सोबत होती. दोन तासांत दोघी घरी आल्या होत्या, तेही वाटेत कॉफी पिऊन. आपल्या एका खोट्या वाक्याने मम्मीच्या डोक्यातला खरा दिवस खरवडून काढला होता.

हॉस्पिटलात मम्मीला खुर्ची दिसलीसुद्धा नाही, स्ट्रेचर थेट आत गेलं. डॉक्टरीणबाईंनी व्हिव्हियनला बाजूला घेतलं.

"सात तास घरी का थांबल्या?"

व्हिव्हियनने खाली मान घालून कारण सांगितलं. वाक्य कुणाचं, ते सांगायला मात्र तिची जीभ रेटली नाही.

"या आठवड्यात हेच कारण सांगणारा हा तिसरा पेशंट," बाई म्हणाल्या.

"आणि आधीचे दोघे?"

"उशीर झाला होता. वाचले नाहीत," म्हणून बाई घाईने मम्मीकडे गेल्या.