माझा माईक गेला तेव्हा

मित्रांनो, टेबलाच्या कडेला खिळ्यावर लटकणारा, एका कानाची गादी उसवलेला जुना हेडफोन म्हणजे मीच. असं केविलवाणं बघू नका माझ्याकडे. मी पुष्कळ ऐकलंय.

खोक्यातून निघालो तो थेट एका सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्यावर बसलो. दिवसा तो ऑफिसचं काम करी, संध्याकाळी गेम खेळी. त्याची ताई त्याला 'बोलघेवडा' म्हणे. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर याचं मत तयार! फुकटचं सॉफ्टवेअर तेवढं चांगलं, विकतचं सगळं भंगार. कॉलेजात कुणी काही शिकत नाही. फोनवर फोटो सरकवून प्रेम जमत नसतं. हे तर तो अशा थाटात सांगे, जणू याचं दहा वेळा जमलं होतं! एकदाही नव्हतं, बरं का.

ही मतं ऐकणारी एकच होती, गेममधल्या त्याच्या टीमची कॅप्टन. ती दुसऱ्या गावात लहान मुलांच्या शिकवण्या घेई. तिला परक्या भाषेची शिक्षिका व्हायचं होतं. तिचा आवाज आला की बोलघेवड्याचे कान गरम होत. स्वारी तिच्यावर पुरती भाळली होती. पण तिच्याशी बोलायची काय? "भाषा शिकून काय मिळतं? आता मशीन चुटकीसरशी भाषांतर करतं." त्यावर कॅप्टन नुसतं "हं" म्हणे. ते "हं" दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. मला ऐकू येत होतं, त्याला नाही. असा राग यायचा मला! पण हेडफोनचं कोण ऐकतो?

एका संध्याकाळी त्याच्या खुर्चीचं चाक माझ्या वायरवरून गेलं आणि माझा माईक बंद पडला. तिचा आवाज येत होता, याचा जात नव्हता. त्याने टाइप केलं, "माईक गेलाय."

"देव पावला!" कॅप्टन हसली. "म्हणजे आज मी बोलू?"

मग तिचा आवाज उतरला. "उद्या माझी शिक्षिकेची परीक्षा आहे. जाऊच नये असं वाटतंय. तुझं बोलणं डोक्यात घोळतंय रे. मशीनच सगळं करणार, तर मी कशाला मरमर करू? आणि खरं सांगू? आता मी गेमलाही येणार नाही. दमले मी नुसतं ऐकून."

बोलघेवड्याच्या कानशिलाची शीर माझ्या गादीखाली थाडथाड उडत होती. एरवी त्याने तिला समजावून समजावून बेजार केलं असतं. आज ती सोयच नव्हती. त्याने सावकाश लिहिलं, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. उगाच बडबडत होतो. तू परीक्षेला जा." थोडं थांबून पुन्हा लिहिलं, "तुला ती भाषा का आवडते?"

मग ती सांगत सुटली. "माझ्याकडे एक परदेशातली चिमुरडी येते. शाळेत तिच्याशी कुणी बोलत नाही. मी तिच्या भाषेत विचारलं, भूक लागलीय का गं? तर रडायलाच लागली. मग तिने अख्खा डबा संपवला." तो ऐकत राहिला. गेममध्ये टीमचा पार धुव्वा उडाला, पण त्याचं दोघांनाही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईने माझी वायर जोडली. "झाला नीट," ती म्हणाली. "आता जरा कमी बोल, म्हणजे टिकेल." संध्याकाळी तो मला घालून बसला. ती येते की नाही, या काळजीने त्याला घाम फुटला होता. मलाही धीर धरवत नव्हता.

आली! तो म्हणाला, "पेपर कसा गेला?" आणि चक्क गप्प बसला.

"मस्त गेला," ती म्हणाली. "बाकीचं भेटल्यावर सांगते. रविवारी येशील?"

हल्ली रविवारी मला सुट्टी असते. खिळ्यावर एकट्याला थोडं उदास वाटतं, नाही असं नाही, पण आनंदच जास्त आहे. मित्रांनो, आमची वायर ओढू नका, तुडवू नका. तरीही तुटलीच, तर कुठलीही ताई जोडून देईल. पण पलीकडचं माणूस दमून निघून गेलं, तर ते कुणाकडून जोडून आणाल?