गाडीखाली सरकवलेलं चाक

"आधी नट ढिले कर, मग जॅक लाव. गाडी अधांतरी असताना जोर लावू नको, एलियास!"

सिपोराचा हा आवाज सगुणाला पाठ होता. आपल्या ओटीवर बसून शेजारच्या अंगणातून तो तिने कितीदा ऐकला होता. सिपोरा नागोठण्याला नर्स. गाडी तीच चालवायची, चाकही तीच बदलायची. नवऱ्याच्या हाती पाना द्यायची तो नुसता धरायला, आणि तोही लगेच परत मागायची. तिला जाऊन दोन पावसाळे झाले. आज रामवाडीतल्या त्याच अंगणात एलियास एकटाच पान्याच्या दांड्यावर पाय देऊन उभा होता. पाय थरथरत होता, नट हलत नव्हता.

"देतो गो जोर. घाई नको करू," तो पुटपुटला.

सगुणा त्याच्याच अंगणात कुंपणाशी पाट टाकून बिरडं सोलत होती. तिने मान वर केली नाही.

सकाळीच एलियासच्या लेकाचा, नथानियलचा फोन आला होता, तिकडे दूर इस्रायलहून. "मावशी, खरं सांग. बाबा अजून आईशी बोलतात? बोलत असतील तर रविवारी येताना त्यांचंही तिकीट काढून येतो. असं एकटं नाही ठेवायचं मला त्यांना." संध्याकाळी सांगते, म्हणून सगुणाने वेळ मारून नेली होती आणि एलियासच्या कानावर घातलं होतं. एलियासला हे घर सोडून कुठेही जायचं नव्हतं. म्हणून तर हा खटाटोप. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीचं बसकं चाक बदलायचं आणि रविवारी लेकाला स्टेशनवर घ्यायला आपण स्वतः जायचं. धडधाकट बाप बघितला की पोरगा निमूट परत जाईल.

"भाऊ, त्या गॅरेजवाल्या मिथुनला हाक मारू काय?"

"नको. गावभर सांगेल, म्हाताऱ्याला चाक बदलता येत नाय."

"येतंय कुठं पन?"

एलियास हसला आणि त्या हसण्याच्या भरातच नट करकरला, सुटला.

मग बाकीचे नटही ढिले झाले. पुढचं तो एकेक करत गेला. हँडब्रेक ओढला. पलीकडच्या चाकाला पुढून मागून दगड लावले. माती अजून ओली होती, म्हणून जॅकखाली जाड फळी घातली. प्रत्येक कामानंतर तो जरा थांबे, मान कलती करी आणि होकार दिल्यासारखी हलवी. सगुणाला त्या मान हलवण्याची धास्ती वाटत होती. रविवारी लेकाच्या देखत अशी मान हलली तर?

गाडी हळूहळू उचलली गेली. चाक अधांतरी झालं तसा एलियास भिंतीकडे गेला आणि घर बांधताना उरलेल्या ढिगातला एक जांभ्याचा चिरा उचलून आणला. चिऱ्यावर हिरवं शेवाळ होतं. धापा टाकत त्याने तो गाडीच्या पोटाखाली सरकवला आणि जॅक किंचित उतरवून भार त्यावर टेकवला.

"भाऊ, पाऊस प्यालेला हाय तो चिरा."

"अख्खं घर उभं हाय याच्यावर, सगुणाबाय. एका गाडीचं काय घेऊन बसलीस?"

चाक निघालं. त्याने ते बाजूला आडवं टाकलं, तोच एक नट घरंगळत गाडीखाली गेला. एलियास मातीत कुशीवर आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. चाचपडू लागला.

अंगणात वारा नव्हता. हायवेवरची घरघरही क्षणभर थांबल्यासारखी झाली.

सगुणाच्या बोटांतली वालाची साल तशीच राहिली. तिने झटकन फाटकाकडे पाहिलं. फाटक बंद होतं. मांडीवरचं ताट कलंडलं, बिरडं मातीत सांडलं, तरी तिचं लक्ष नव्हतं.

एलियासचा हात बाहेर आला. नट न घेताच. तो उठून बसला आणि बाजूचं चाक ओढून आडवंच गाडीखाली ढकललं.

चिरा फुटला तो शिळी भाकरी मोडावी तसा. लाल भुगा उडाला, जॅक फळीवरून निसटला आणि गाडी कलून त्या आडव्या चाकावर बसली. तिथेच थांबली. हात जिथे होता तिथे आता नुसता लोखंडाचा पत्रा होता.

सगुणा तांब्या घेऊन आली तेव्हा एलियास तसाच मातीत बसलेला होता. तांब्या घेऊन त्याने अर्धं पाणी तोंडावर ओतलं.

"नथाला काय सांगनार हायस?" त्याने खाली बघत विचारलं.

"तुमी सांगा, काय सांगू."

"खरं तेच सांग. ऐकतो मी तिला. आताही ऐकली. त्याचं बरोबर हाय. डोकं फिरलंय माझं. न्यायला हवं मला इथून." त्याने लाल भुग्याचा हात लेंग्याला पुसला. डाग आणखीच पसरला.

सगुणा त्याच्या समोर उकिडवी बसली. तिथवर उडालेले चार वाल तिने मातीतून वेचून पदरात टाकले.

"मग त्याला दोन तिकिटं काढायला सांगते."

"दोन कशाला?"

तिने बंद फाटकाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"'हात काढ, एलियास. आधी हात काढ.' मीपन ऐकलं, भाऊ," ती म्हणाली. "आन् आज पयल्यांदा नाय."